दोरी सोडणाऱ्याचे दात

पूर्वी त्रेतायुगात, विंध्याद्रीच्या दक्षिण उतारावर वेत्रपुर नावाचं नगर नांदत होतं. तिथे एक राजा होता, एक राणी होती, नगराबाहेरच्या वनात एक ऋषी होते, आणि राजाच्या दारी शिकारी कुत्र्यांचा भलामोठा कळप होता. राजाचं नाव ऊर्जकेतू, राणीचं आर्जवी, ऋषींचं दर्भायण, आणि कळपाच्या म्होरक्या कुत्रीचं नाव वातजवा. कथा या चौघांची. बाकीचे आले तसे गेले.

ऊर्जकेतू म्हणजे शत्रूंच्या गजदळाचा कर्दनकाळ, याचकांचा कल्पतरू, ब्राह्मणांचा पाठीराखा. पण मृगयेचं नाव निघालं की हे सगळे सद्गुण खुंटीला टांगून मोकळा. त्या देशात शिकारीलाही धर्म होता, बरं का. कुत्र्याने माग काढावा, घायाळ जनावर झाडीत तडफडत पडलं असेल तर ते शोधून द्यावं, भुंकून धन्याला बोलवावं. पण प्राण घ्यायचा तो धन्याने, आपल्या पायांनी तिथवर जाऊन, एका बाणात, मरणाऱ्याच्या डोळ्यांत बघून. गाभण मादी, पिलाची आई, पाणी पिणारं आणि आसऱ्याला शिरलेलं जनावर यांच्या मागे कुत्रं गेलं, तर धन्याने शिंग फुंकून ते माघारी बोलवायचं. त्याला परतीचं शिंग म्हणत. ज्याच्या कमरेला परतीचं शिंग नाही त्याने कुत्र्याच्या दोरीला हात लावू नये, असा दंडक होता. ऊर्जकेतूच्या कमरेला शिंग होतं की! सोन्याने मढवलेलं, मोत्यांची झालर लावलेलं. फक्त त्यात फुंकर कधी गेली नव्हती. आत कोळिष्टकं धरली होती.

आणि तो कळप! राजा त्यांना मुद्दाम अर्धपोटी ठेवी. भुकेलं कुत्रं वाऱ्याच्या पुढे धावतं, म्हणे. श्वानशाळेवरून वारा आला की राणी आर्जवी गवाक्ष लावून घेई. सडक्या हाडांचा, ओल्या केसांचा, तुंबलेल्या मोरीचा तो दर्प चंदनाच्या धुपालाही दाद देत नसे. आर्जवीला कुत्र्यांची किळस नव्हती. तिच्या बापाच्या घरी कुत्री उंबऱ्यावर झोपत आणि पोळीच्या वासाने जागी होत. तिला किळस होती ती या कुत्र्यांना असं करून ठेवणाऱ्या हाताची. आणि तोच हात रोज तिच्या ताटापाशी येऊन बसे.

नगराच्या दक्षिणेला एक ओढा, आणि ओढ्यापलीकडे दर्भायण ऋषींचं तपोवन. काय सांगावी त्याची शोभा! जिथे नीवाराचे दाणे शुकांच्या चोचींतून सांडत, जिथे होमधूमाने धुरकटलेल्या पल्लवांवर मयूर पिसारे पुसत, जिथे व्याघ्री पाणी पिऊन जाईपर्यंत हरिणी बाजूला थांबत आणि व्याघ्रीही त्यांची वाट न अडवता निघून जात, असं ते वन. राजाराणीला पुष्कळ वर्षं मूल नव्हतं. याच वनात दोघांनी ऋषींचे पाय धरले, ऋषींनी आशीर्वाद दिला, आणि त्याच्या बदल्यात राजाने ओंजळीत पाणी घेऊन शपथ वाहिली, "महर्षी, या वनात माझं शस्त्र उठणार नाही, शिकारीसाठी माझं पाऊल पडणार नाही." पाणी सोडलं आणि आर्जवीला दिवस गेले.

पण जित्याची खोड ती. राजाने अलीकडचं रान झाडून साफ केलं. उरलंसुरलं हरिण ओढा ओलांडून तपोवनात शिरलं. मुक्या जनावरांनाही कळतं ना, कुणाच्या दारात भय नाही ते. राजा ओढ्याकाठी उभा राहून पलीकडचे कळप बघे आणि हात चोळी.

राजपुरोहित चतुर्वाक हा मोठा विद्वान. धन्याला जे हवं ते शास्त्रात शोधून देण्यात तर त्याचा हातखंडाच. भर सभेत तो म्हणाला, "राजन्, शपथ शस्त्राची आणि पावलाची. श्वान हे शस्त्र नव्हे. शस्त्राला मूठ असते, श्वानाला पुच्छ असते. आपण ओढ्याअलीकडे उभे राहावे. श्वान आपल्या मर्जीने कुठे गेले, तर त्यात नृपतीचा दोष तो कोणता?"

सभा हसली. राजा मांडीवर थाप मारून हसला.

पडद्याआडून आर्जवीचा आवाज आला, "पुरोहितबुवा, पुच्छाचं राहू द्या. दोरीचं काय? तिला मूठ कोणाची?"

"देवी," चतुर्वाक ओशाळं हसत म्हणाला, "दोरीला दोन टोकं असतात. शास्त्र दुसऱ्या टोकाविषयी मौन आहे."

"शास्त्र मौन नाही, तुमची लाज मौन आहे," आर्जवी म्हणाली. पण राजा तोवर उठला होता.

दुसऱ्या दिवशी राजा लवाजम्यासह ओढ्यावर गेला आणि गर्भवती राणीला मानाचा म्हणून मंचक मांडून शेजारी बसवलं. नको म्हणायची सोय नव्हती. राजाने तोंडात विडा घातला, धनुष्य सेवकाकडे दिलं, हात झटकून सर्वांना मोकळे दाखवले आणि एकेक दोरी सोडली. वातजवा सर्वांपुढे. काळी, लांबोडकी, बरगडी अन् बरगडी दिसणारी, डोळ्यांत नुसती भूक.

पलीकडे एक गाभण हरिणी पोटाच्या ओझ्याने कळपाच्या मागे राहिली होती. कुत्री तिच्यावर पडली तशी ती आश्रमाकडे वळली. आसऱ्याला. अंगण ओलांडून तिने थेट होमशाळेत, आसनावर बसलेल्या दर्भायणांच्या मांडीत मान घातली. ऋषींनी तिच्यावर आपलं वल्कल पांघरलं, एक हात वर केला आणि ओढ्याकडे पाहिलं. त्यांनी शाप दिला नाही की मंत्र म्हटला नाही. ते नुसते थांबले. कुत्र्यांचं काम कुत्र्यांनी केलं होतं. आता धन्याची पाळी होती. ते शिंगाची वाट बघत होते.

शिंग वाजलं नाही.

मग जे झालं ते सांगताना जीभ अडखळते. कुत्र्यांनी तिला मांडीवरून खेचलं आणि जिवंतपणीच तिचं पोट उघडलं. पडलं ते पाडस होतं. अजून डोळे न उघडलेलं, खुरं मऊ, अंगाला ओली झिल्ली चिकटलेली. त्याचीही ओढाताण झाली. होमकुंडाच्या कडेला आतड्यांचं वेटोळं पडलं, तुपावर रक्ताचा तवंग आला, आणि गरम रक्त निखाऱ्यांवर चरचरलं त्याचा वास ओढ्याअलीकडे आला. आर्जवीने पोटावर हात धरला आणि मंचकाच्या कडेला वाकून भडाभडा ओकली. मान वर केली तर राजा विडा चघळत होता. ओठाच्या कोपऱ्यातून लाल रस ओघळला होता. त्या घडीला कुत्र्यांच्या जबड्यात आणि नवऱ्याच्या तोंडात तिला काडीचा फरक दिसेना.

दर्भायण चालत ओढ्याच्या पलीकडल्या काठावर आले. रक्ताने भिजलेलं वल्कल तसंच खांद्यावर होतं.

"राजा, शिंग का फुंकले नाहीस?"

"महर्षी," ऊर्जकेतूने मोकळे तळवे पुढे केले, "माझं धनुष्य सेवकाच्या हातात आहे आणि पावलं ओढ्याअलीकडे. शपथ अक्षरशः पाळली आहे. मारलं ते कुत्र्यांनी."

"कुत्र्यांनी! राज्य तुझे, कीर्ती तुझी, शिकारीचा आनंद तुझा, आणि पाप तेवढे कुत्र्यांचे?" ऋषींचा आवाज असा चढला की ओढ्याचं पाणी थांबल्यासारखं झालं. "ऐक तर, ऊर्जकेतो! दोरी ज्याने सोडली, दात त्याचे. तुझ्या हातून सुटलेले प्रत्येक श्वान जे जे दातांखाली घेईल, ते ते तुझ्या जिभेला लागेल. पुढ्यात पायस असो वा अमृत, चव त्याचीच येईल. आणि तू ज्याला घास भरवशील, त्याच्या जिभेलाही तेच चिकटेल!"

एवढं बोलून त्यांनी कमंडलूतलं पाणी सोडलं आणि पाठ फिरवली.

त्या संध्याकाळी राजवाड्यात मेजवानी होती. केशरभात, शिखरिणी, तुपात न्हालेले अपूप. राजाने पहिला घास घेतला आणि ताटावरच थुंकला. "हे काय वाढलंय? सडलंय!" दुसरा घास, तिसरा घास, सगळीकडे तेच. तपास केला तेव्हा कळलं, श्वानशाळेमागच्या खड्ड्यात मेलेलं गाढव पडलं होतं आणि कळप त्याच्यावर तुटून पडला होता. राजाने वेलदोडे चावले, कापूर चघळला, समुद्रमीठ चोळून जीभ सोलून घेतली. छे! कुत्र्यांनी उकिरडा उकरला की राजाच्या दाढेखाली माती करकरे. कुत्र्यांनी एकमेकांचे फोड चाटले की राजा सिंहासनावरून तोंड दाबून पळे.

त्याने कळप शेजारच्या राजाला भेट दिला. तिथली व्यवस्था इथल्याहून वाईट, चवही वाईट. कळप परत आणवला. चतुर्वाक म्हणाला, "राजन्, मारून टाकावेत. दातच नाहीत तर चव कसली?" राजाला ते पटलं. खड्गधारी श्वानशाळेपाशी गेले तर दारात आर्जवी उभी, हात पोटावर.

"उपाशी ठेवलं कोणी? सोडलं कोणी? शिंग फुंकलं नाही कोणी?" ती राजाला म्हणाली. "तिन्ही वेळा नाव तुमचं येतं, आणि मान त्यांची? मग आधी मला ओलांडा, महाराज. तेवढं एक राहिलंय तुमच्या हातून व्हायचं."

खड्गं म्यानात गेली. राजाची मान खाली गेली ती बराच काळ वर आली नाही. उकळलेलं पाणी पिऊन तो काटकीसारखा झाला.

पुढे आर्जवीला मुलगी झाली, चंद्राच्या कोरीसारखी. नाव ठेवलं सुधामुखी. नगरात साखर वाटली गेली, पण राणीच्या मनात काटा सलत होता. त्या कुळात उष्टावणाचा असा रिवाज होता, की बाळाचा पहिला घास पित्याने आधी आपल्या जिभेला लावायचा आणि मग बाळाच्या मुखात घालायचा. त्याशिवाय मूल कुळात धरत नसत. आणि ऋषींचा शब्द तर स्पष्ट होता: तू ज्याला भरवशील, त्याच्याही जिभेला तेच.

"रिवाज मोडू," राजा म्हणाला. "मी घास लावतच नाही."

"म्हणजे माझी लेक जन्मभर बेवारशी? तुमच्या विड्यापायी?" आर्जवीने बाळाला छातीशी धरलं. "माझ्या दुधाच्या चवीवर मेल्या गाढवाची चव चढू देणार नाही मी. उठा. ज्याने शाप दिला त्याच्याकडे जायचं."

दर्भायणांनी दोघांना बसवलं, बाळाच्या मस्तकावर हात ठेवला, पण शाप मागे घेतला नाही. "मी नवे काही केले नाही. नियम होता, तो मी तुझ्या जिभेवर ठेवला. नियमाचा धनी दक्षिणेला राहतो. त्याला विचारा."

दक्षिणेचा धनी म्हणजे साक्षात यमधर्म. राजाराणीने ओढ्याच्या दक्षिण तीरावर, बाळाला शेजारी निजवून, निराहार आराधना आरंभली. राजाला निराहार राहणं मुळीच जड गेलं नाही. एका सकाळी धुक्यातून महिष आला. कज्जलगिरीसारखा काळा, शिंगांवर दंव. त्याच्यावर रक्तवस्त्र ल्यालेले, दंडधर, सर्व प्राण्यांच्या शेवटच्या श्वासाचे स्वामी धर्मराज. आणि त्यांच्या दोन्ही अंगांना दोन श्वान, चार-चार डोळ्यांचे, वासराएवढे. त्यांच्या गळ्यात ना साखळी, ना दोरी.

ऊर्जकेतूने साष्टांग घातलं, पण उठता उठता चतुर्वाकाचीच भाषा तोंडात आली. "देवाधिदेवा, न्यायाचे आपण आगर. श्वानाचा स्वभाव मारण्याचा. अग्नी जाळतो, विष मारतं, श्वान फाडतो. स्वभावाची शिक्षा मला का?"

यमधर्मांचा एक श्वान उठला आणि हुंगत हुंगत सरळ निजलेल्या सुधामुखीपाशी गेला. त्याने तिचे पाय हुंगले, पोट हुंगलं. जबडा उघडला. लाळेचा एक धागा बाळाच्या दुपट्यावर पडला. राजा ओरडला, "देवा, आवरा त्याला!"

"का?" यमधर्म म्हणाले. "त्याचा स्वभाव आहे. मी तर महिषावरून उतरलोही नाही. माझा दंडही उठलेला नाही."



यमधर्मांनी दोन बोटं एकमेकांवर घासली. पान गळल्याएवढा आवाज. श्वानाने मान वळवली, धन्याकडे पाहिलं आणि परत येऊन पायाशी बसला.

"मर्त्यलोकीचा प्रत्येक जीव यांच्या नाकाखालून जातो," यमधर्म म्हणाले, "आणि वेळेआधी एकालाही यांचा दात लागत नाही. स्वभाव तुझ्या श्वानांचा तोच, जो माझ्यांचा. उणा आहे तो धनी. ज्याला परत बोलावता येत नाही, त्याला सोडण्याचा अधिकार नाही. हा श्वानधर्म मी घातला आहे. मनुष्याने तो अलंकार करून कमरेला टांगला."

आर्जवी बाळाला उचलून पुढे आली. "देवा, धनी उणा आहे हे मला आपल्याआधी ठाऊक होतं. पण लेकीने काय केलं? तिचा घास तरी स्वच्छ असू द्या."

यमधर्मांची मुद्रा निवळली. "साध्वी, उःशाप देतो. याने कळपातल्या प्रत्येक श्वानाला स्वतःच्या हातांनी, स्वतः जेवण्याआधी भरवावे. काठी उगारू नये, उपाशी ठेवू नये. आणि त्याच तपोवनात, सावज दाताखाली आले असताना, वातजवा याच्या हाकेने मागे वळली, तर याचे मुख शुद्ध होईल. न वळली, तर चव पिढ्यान्‌पिढ्या उतरेल." धुकं मिटलं आणि महिष दिसेनासा झाला.

त्या दिवसापासून वेत्रपुराचा सार्वभौम राजा कंबर खोचून श्वानशाळेत उतरला. पहिल्या दिवशी सवयीने त्याने शिळा कोंडा टाकला, आणि शिळ्या कोंड्याचा बुरसा त्याच्याच टाळूला चिकटला. दुसऱ्या दिवशी ताज्या भाकऱ्या भाजवून घेतल्या. कुत्री दूध-भाकरी खाऊ लागली तसं राजाच्या जिभेला कित्येक दिवसांनी दूध-भाकरी लागली, आणि तो भला पुरुष शेणाने सारवलेल्या जमिनीवर बसून ढसढसा रडला. त्याने तुंबलेली मोरी उपसवली, कुत्र्यांच्या कानातल्या गोचिड्या वेचल्या, फोडांवर हळद बांधली. खरकटी थोबाडं त्याच्या राजवस्त्रांना पुसली जात. आर्जवी गवाक्षातून बघे. किळस तिला अजून येई, नाही असं नाही. पण आता ती नाक धरून का होईना, बघत राही.

वातजवा मात्र जवळ येईना. ती खाई, पण डोळा काठी ठेवलेल्या कोपऱ्याकडे. राजा तिला हाक मारायला शिकत होता. इतकी वर्षं त्याला तिला 'जा' म्हणता येत होतं, 'ये' कधी म्हटलंच नव्हतं. रोज तो अंगणात दूर उभा राहून हाक मारी, रोज ती मान तिरकी करून बघे. कधी येई, कधी न येई.

सुधामुखीच्या हिरड्या हुळहुळू लागल्या. उष्टावण आता पुढे ढकलता येण्यासारखं नव्हतं. सगळे तपोवनात गेले. दर्भायण आश्रमाच्या दारात उभे राहिले, आर्जवी बाळाला घेऊन ओढ्याच्या काठी. राजाने वातजवेच्या गळ्यातली दोरी सोडली. झाडीत एक पाडस दचकलं आणि निघालं. काळी रेघ ओढावी तशी वातजवा त्याच्यामागे दिसेनाशी झाली.

वेळूच्या बेटामागून काही ऐकू येईना. आर्जवी राजाच्या तोंडाकडे बघत होती. एकाएकी त्याचा चेहरा पांढरा पडला.

"केस," तो पुटपुटला. "केस लागले जिभेला. ऊन... मऊ... कातडं थरथरतंय दाताखाली. आर्जवी, तिने धरलंय!"

"मग बोलवा ना तिला!" आर्जवी किंचाळली.

त्याने शिंग ओठांना लावलं. फुंकर गेली आणि कोळिष्टकांतून धुळीची एक उचकी बाहेर पडली, बस्स. त्याने शिंग फेकून दिलं आणि उघड्या गळ्याने, राजेपण विसरून, गुराख्याने ओरडावं तसा ओरडला, "वातजवे! ये गं! ये माघारी, माझे आई, ये!"

हाक वनभर फिरून आली. राजा जिभेवर रक्त उतरायची वाट बघत डोळे मिटून उभा राहिला. आर्जवीने बाळाचं तोंड आपल्या पदराने झाकलं.

वेळू हलले. आधी पाडस बाहेर पडलं; मानेवर लाळेचा चिकट डाग, पण चामडं अभंग. ते उड्या मारत आईकडे पळालं. त्याच्यामागून वातजवा आली, अंग थरथरतंय, ओठाला पाडसाचे चार केस चिकटलेले. तिने एकदा पळणाऱ्या पाडसाकडे पाहिलं, एकदा राजाकडे, आणि खाली मान घालून राजाकडे आली. राजाने गुडघे टेकले आणि तिच्या ओठावरचे केस बोटाने काढले.

"काय लागतंय?" आर्जवीने विचारलं.

राजाने जीभ ओठांवरून फिरवली. बराच वेळ फिरवली. "काही नाही गं," तो म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा काही न मिळाल्याचं त्याला हसू आलं. "नुसतं माझं तोंड."

दर्भायणांनी तिथेच निर्णय सांगितला, आणि राजाने तो नगरोनगरी घोषवला: परत बोलावता न येणारं कुत्रं कुणी सोडू नये, गाभण, लेकुरवाळं, पाण्याला वा आसऱ्याला लागलेलं जनावर दिसलं की हाक मारावी, हाक न मारील त्याने मारलं असं समजावं, आणि घरधन्याने जेवायच्या आधी दाराच्या कुत्र्याचा घास काढावा. चतुर्वाकाला शास्त्र म्हणून हा एकच नियम पाठ करायला लावला. म्हणूनच आजही भलं कुत्रं कितीही जोरात धावलं, तरी मधेच एकदा मागे वळून धन्याकडे बघतं. त्याला हाक हवी असते.

आणि उष्टावण? ते आश्रमातच झालं. नीवाराची खीर शिजली, त्यात वनातला मध पडला. राजाने पहिला घास वातजवेला दिला, दुसरा आपल्या जिभेला लावला, जरासा थांबला, आणि तोच सुधामुखीच्या मुखात घातला. पोरीने तोंड वाकडं केलं. मग त्या एवढ्याशा जिवणीने मिटक्या मारल्या, बापाचं बोट दोन्ही हातांनी धरलं आणि दुसऱ्या घासासाठी आ वासला. आर्जवी हसली. कित्येक महिन्यांनी तिने नवऱ्याच्या ताटातला एक घास उचलला आणि त्याच्याच शेजारी बसून जेवली. त्या घरात पुढे मुलं-नातवंडं झाली, कोठारं भरली, ताटं भरली, आणि त्या कुळातल्या कुणाच्याही तोंडची गोडी कधी गेली नाही.